कप्तान रेहाना आणि माझं हसू

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

काल नव्या मराठी विज्ञानमालिकेचा ट्रेलर आला. त्यात अंतराळयानाची कप्तान रेहाना आपल्या श्रीगोंद्याकडची बोली बोलते. आज आपल्या विज्ञानकथांच्या ग्रुपवर वाद पेटला. "यानात बसून 'लई' म्हणते?" "नावही मुद्दामच ठेवलंय!" मी हसणारी इमोजी टाकली आणि कामाला लागले.

तासाभराने पाहिलं, तर शबानाने ग्रुप सोडलेला. शबाना श्रीगोंद्याजवळच्या काष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मला विज्ञानकथांची गोडी तिनेच लावली.

फोन केला. म्हटलं, "अगं, गंमत चालली होती."

"ताई, परक्यांचं काय न्हाई वाटलं," ती म्हणाली. "सकाळी वर्गात ट्रेलर दावला हुता. पोरी म्हनल्या, मॅडम, ही तर आपल्यावानी बोलती! लई खूश हुत्या. मंग मोबाईल उघडला, तर तुमीपन हसलेल्या."

मी माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि तास आहे म्हणून फोन ठेवला. अजून ग्रुपवर परतलेली नाही.

तुम्हाला विचारते, स्वतःलाही विचारते: ती कप्तान यान कसं चालवते, हे आपल्यापैकी एकाने तरी पाहिलं का?