पहिली फेरी सोनूबाईची

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीचं मोठं काम निघालं की शेवटी बॉनेटवर हळदकुंकू चढतं, चाकाखाली लिंबू चिरडतं आणि नारळ फुटतो. धोंडीराम कांबळे मिस्त्रीच्या शेडमध्ये यातलं काही होत नाही. "आमच्यात न्हाय फोडत," असं तो गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होतो. त्याच्याकडं वेगळी रीत आहे. ब्रेकचं काम पुरं झालं की शेडमागच्या खोल्यांतून त्याची बायको सोनूबाई पदराला हात पुसत येते, त्याच्या शेजारच्या सीटवर बसते आणि दोघं एक फेरी मारून येतात. परत आल्यावर सोनूबाई "चांगलं हाय" म्हणते आणि आत निघून जाते. तोवर किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

ही रीत भांडणातून सुरू झाली. एकतीस वर्षांमागं शाहूवाडीकडचा एक जीपवाला आला होता. आपल्या जीपला धोंडीरामनं दुसऱ्याच गाडीचे ब्रेक बसवलेत हे कळल्यावर त्यानं शेड डोक्यावर घेतली. "ह्याचं त्याला न् त्याचं ह्याला! तुझी बायकू बसवशील का ह्यात?" धोंडीराम तेव्हा तिशीचा होता आणि डोकं तव्यासारखं तापायचं. "बसवतो की," म्हणाला आणि खरंच आत गेला. सोनूबाईच्या लग्नाला तेव्हा सहा महिने झाले होते. तिला भाकरीच्या परातीवरून उठवून त्यानं जीपमध्ये बसवली आणि पन्हाळ्याच्या उतारावरून फिरवून आणली. जीपवाल्यानं पैसे मोजले आणि जीप नेली. गोष्ट चार शेडांमध्ये पसरली आणि पुढचं गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, "वैनी बसल्या का?" तिथून ते कायमचंच झालं. धोंडीराम अभिमानानं सांगतो, "बायकूचा भरवसा हाय माझ्यावर, म्हणून बसती."

'ह्याचं त्याला' करण्यातच त्याची हयात गेली. जुन्या गाड्या पळतात झकास, पण थांबताना विचार करतात. त्यांच्या चाकांत बंद ड्रम असतो, तो उतारावर तापला की ब्रेक धरेनासा होतो. नंतरच्या गाड्यांना पुढच्या चाकांत उघडी डिस्क आली, वाऱ्यावर थंड राहणारी, आणि तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा कॅलिपर. पण एकीची डिस्क दुसरीला सरळ बसेल तर शपथ. भोकं जुळत नाहीत, अंतर जुळत नाही. मग मधे जाड लोखंडी पट्टी घालून सोयरीक जमवावी लागते. पट्टी शेजारच्या लेथवर कृष्णात करून देतो, पण कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीला चालतं ते सगळं धोंडीरामच्या डोक्यात. "कंपनी एक गाडी बनवती, मी तिच्या चार करतो," असं तो म्हणतो. नम्रता हा माल उद्यमनगरात फारसा मिळत नाही.

यंदा जानेवारीत राजारामपुरीतला औषध दुकानदार विजयसिंह चौगुले वडिलांची चौऱ्याऐंशी सालची फियाट घेऊन आला. बरोबर बायको होती, अनुजा. गाडी घासूनपुसून आरशासारखी ठेवलेली, ब्रेक मात्र जन्मापासूनचेच.

"ह्यांच्या मणक्याचं दुखणं आहे, डॉक्टरांनी गाडी बंद केलीय," अनुजा म्हणाली. "आता मीच चालवणार. दिवाळीत शिकले. सासूबाईंना रविवारी नृसिंहवाडीला न्यायचंय आणि त्यांना ह्याच गाडीतून जायचंय. पण मिस्त्री काका, हिचा ब्रेक दाबायचा म्हणजे मला सीटवर उभं राहावं लागतं."

"रविवारी न्या," धोंडीराम म्हणाला. "वाऱ्यागत जावा न् जाग्यावर थांबा."

भंगार बाजारातून एका एस्टीम गाडीच्या पुढच्या डिस्का आल्या, कॅलिपर आले. पायाला जोर कमी लागावा म्हणून एका ओम्नीचा बूस्टर आला. कृष्णातनं दोन दिवस पट्ट्या कापल्या. बसवताना कॅलिपर पुढच्या अंगाला स्टिअरिंगच्या दांड्याला घासायला लागला, तेव्हा धोंडीरामनं तो चाकाच्या मागच्या अंगाला फिरवून घेतला आणि स्वतःवरच खूश झाला. मग नळ्यांतली हवा काढणं आलं. ब्रेकच्या तेलात हवा राहिली तर पाय गादीवर ठेवल्यासारखा मऊ जातो, म्हणून एकानं ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं कॅलिपरवरची छोटी निपल उघडून हवा सोडायची. कृष्णातनं निपल सांभाळली, धोंडीरामनं पाय. पाय घट्ट लागेपर्यंत दोघांनी हवा काढली.

शुक्रवारी संध्याकाळी चौगुले नवरा-बायको गाडी न्यायला आले. सोनूबाई आली, बसली, फेरी झाली. गाडी शेडसमोर उभी राहिली, पण सोनूबाई उतरेना.

"किल्ली देऊ नका," ती म्हणाली.

"का गं?"

"तुमी पाय दोनदा हाणताय."

धोंडीरामला वाटलं, हिला काहीतरी भलतंच दिसलं. "तुला काय कळतंय ब्रेकातलं?"

"ब्रेकातलं न्हाय कळत, पायातलं कळतंय. एकदा दाबला की गाडी थांबाय पायजे का न्हाय?"

एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि तेही गिऱ्हाइकासमोर. कृष्णातनं लेथ बंद केला, कारण असं ऐकायला रोज मिळत नाही. धोंडीरामचा चेहरा पडला. "उद्या दुपारी या," एवढंच त्यानं चौगुल्यांना सांगितलं. ती दोघं रिक्षा करून गेली. त्या रात्री जेवताना धोंडीरामनं बायकोशी शब्द काढला नाही आणि भाकरी मात्र नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली.

रागापेक्षा भीती मोठी होती. बाई म्हणते ते खरं असेल तर? आयुष्यभर लोकांचे बिघडलेले ब्रेक तपासून त्याच्या पायाला सवय लागली होती. ब्रेक मऊ लागला की पाय आपोआप दुसऱ्यांदा पडायचा, त्याला न विचारता. दुसऱ्या दाबाला तेल भरतं, पाय घट्ट लागतो आणि गाडी थांबते. पण अनुजाचा पाय दिवाळीपासूनचा. तो एकदाच पडला असता, आणि मागच्या सीटवर म्हातारी सासू.

सकाळी त्यानं कृष्णातला गाडीत बसवलं. "एकदाच दाब. दुसऱ्यांदा दाबलास तर च्या बंद." कृष्णातनं दाबलं. पाय सरळ खालच्या फळीपर्यंत गेला.

मग सुरू झाली शोधाशोध. नळ्या बघितल्या, सांधे बघितले, बूस्टर खोलला. पुन्हा हवा काढली आणि पुन्हा पाय मऊच. बाटलीभर तेल संपलं. अकराच्या सुमाराला धोंडीराम गाडीखाली उताणा पडून कॅलिपरकडं नुसता बघत राहिला आणि एकदम त्याच्या तोंडातून स्वतःलाच एक चांगली कोल्हापुरी शिवी गेली.

निपल खाली होती. कॅलिपर पुढून मागं फिरवला तेव्हा तो उलटा झाला होता, वरची निपल खाली आली होती. हवा तेलात नेहमी वर जाते. ती आरामात वरच्या कोपऱ्यात बसून राहिली होती, आणि हे दोघं खालून तिला बाहेर काढायला बघत होते. पाण्याच्या टाकीचा खालचा नळ उघडून वरची हवा काढावी, तसला प्रकार. सगळ्या उद्यमनगराला 'निपल वर पायजे' हे शिकवणारा माणूस हाच.

"डावीकडचा उजवीकडं लाव, उजवीकडचा डावीकडं," तो कृष्णातला म्हणाला. "सरळ हुत्यात."

"एवढंच हुतं व्हय, मिस्त्री?"

"एवढंच. गप पाना घे."

दोन वाजेपर्यंत कॅलिपर बदलले. हवा फसफसत निघाली. कृष्णातनं एकदाच दाबलं आणि पाय वरच्यावर थांबला, दगडावर ठेवावा तसा.

चौगुले आले तेव्हा धोंडीराम पुढं झाला. त्याला हे बोलणं जड जात होतं, पण त्यानं गिळलं नाही. "ताई, काल मी चुकीची गाडी देत हुतो. कॅलिपर उलटा बसला हुता. चूक माझी हाय. आज फेरी तुमी मारायची. पाय तुमचा पायजे, माझा न्हाय."

अनुजा स्टिअरिंगवर बसली. सोनूबाई तिच्या शेजारी आणि धोंडीराम विजयसिंहबरोबर मागं. मागच्या सीटवर बसायची सवय नसल्यानं हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. गाडी राजारामपुरीत शिरली. क्लास नुकतेच सुटले होते. सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक मोपेडवाली पोरगी आडवी आली, मान वाकडी करून खांद्यात मोबाइल धरलेली.

अनुजानं ब्रेक दाबला. एकदाच. फियाटनं नाक जरा खाली घातलं आणि जाग्यावर थांबली, ना डावीकडं ओढली, ना उजवीकडं. पोरगी बोलत बोलतच निघून गेली. तिला काही कळलंच नाही, आणि न कळणं हेच त्या ब्रेकचं यश होतं. सोनूबाईनं अनुजाच्या पायाकडची नजर काढून समोर बघितलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली.

शेडवर परत आल्यावर धोंडीरामनं किल्ली दिली आणि फियाट गेली. कृष्णात लेथकडं गेला. सोनूबाई आत निघाली होती, तिला धोंडीरामनं थांबवलं. कालपासून मनात अडकलेलं त्यानं विचारून टाकलं.

"एकतीस वर्सं बसलीस. कालच तेवढी न्हाय म्हणालीस. भरवसा उडाला व्हय माझ्यावरचा?"

सोनूबाईला हसू आलं. "भरवशावर कोण बसतंय ओ? त्या जीपवाल्याच्या बारीला जीव मुठीत धरून बसलते. रस्ता बघवंना, म्हणून तुमच्या पायाकडं बघत बसले. तवापासनं पायच बघती. दर गाडीत."

"म्हंजे तू तपासत हुतीस मला?"

"मग काय हवा खाया येत हुते? तुमी माझ्या जिवावर लोकास्नी गाड्या देताय. बघाय नको?"

ज्या भरवशाच्या गोष्टी त्यानं साऱ्या उद्यमनगराला सांगितल्या, तो असा निघाला. मग त्यानं हळूच विचारलं, "आनी एवढ्या गाड्यांत, कालची सोडून, कधी दोनदा पडला न्हाय?"

"न्हाय," सोनूबाई म्हणाली. "पडला असता तर सोडलं असतं व्हय मी? एकदाच पडतोय तुमचा पाय. लई बेस पडतोय."

कुणीतरी एकतीस वर्षं आपला पाय इतका निरखून बघत होतं, हे ऐकून धोंडीराम चक्क लाजला. एकसष्ट वर्षांचा मिस्त्री भर दुपारी लाजलेला कृष्णातला दिसू नये, म्हणून तो दुरुस्तीला आलेल्या एका जीपखाली जाऊन पडला. त्या जीपचं तिथं खालून काहीच काम नव्हतं.