ड्रिल कुणाच्या हातात?

तुमच्या कवटीला भोक पाडणाऱ्या डॉक्टरने याआधी स्वतःच्या हाताने किती भोकं पाडली आहेत, हे कधी विचारलंय? नसेलच. डॉक्टर समोर आला की आपली दातखीळ बसते.

ताईची बसत नाही. मेंदूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ती सव्वीस वर्षं सिस्टर आहे. सगळे तिला ताईच म्हणतात, विभागप्रमुख असलेले मोठे सरसुद्धा. सर्जनच्या हातात हत्यार तीच ठेवते. त्यामुळे कोण शिकलं आणि कोण नुसतं उभं राहिलं, ते तिला पक्कं ठाऊक. तिथली रीत अशी, की हात धुऊन टेबलापाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने आपल्या वहीत 'ऑपरेशन केलं' असं लिहायचं. शेवटच्या वर्षाच्या एका पोरीने मात्र खरं लिहिलं: पाहिली एकशे चाळीस, केली अकरा. एवढ्यावर परीक्षेला बसता येत नाही.

सर भडकले. "विभागाचं नाक कापलंस!"

"नाक जागेवर आहे, सर," ताई ट्रे लावता लावता म्हणाली. "ड्रिल मी देते. ते कुणाच्या हातात जातं, मला विचारा. तिच्यापर्यंत तुम्ही ते येऊच देत नाही. परीक्षेला अजून सहा महिने आहेत, द्या की!"

सर लालबुंद. मग हसू दाबत म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन हिचं. आणि ताई, तुम्हीच व्हा विभागप्रमुख."

"नको बाई, मला कामं असतात."

दुसऱ्या दिवशी पेशंट होते गाडी शिकवणारे मास्तर; शिकाऊच्या शेजारी बसून आपल्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर जन्म काढलेले. कवटीखाली रक्त साकळलेलं, उजवा हात लुळा, जीभ जड. पोरीने सरळ सांगितलं, "ऑपरेशन मी करणार. आधी अकरा केलीत."

मास्तरांची बायको ताडकन उठली. मास्तर मात्र सरांकडे बघत अडखळले, "दुसरा ब्रेक... कुणाकडे?"

"माझ्याकडे. शेजारीच उभा आहे मी."

मास्तरांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही ठोकली.

ताईने ड्रिल पोरीच्या हातात ठेवलं. काळं, जुनं रक्त भळाभळा बाहेर आलं. सरांचे हात शेवटपर्यंत मोकळेच. तिसऱ्या दिवशी मास्तर चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या बायकोवर खणखणीत आवाजात ओरडले, "खुर्ची रिव्हर्स घे, रिव्हर्स!"

"गप्प होतात तेच बरं होतं," बायको म्हणाली आणि डोळे पुसत हसली. दारात ताई पोट धरून हसत होती.

पोरगी परीक्षेला बसली तेव्हा 'केली'खाली चौसष्ट होती, एकूण एक खरी. पास झाली!

असा नवा हात तुमच्यापुढे आला, तर त्याला हाकलू नका. शेजारी कोण उभं राहणार, तेवढं ठणकावून विचारा, आणि सही करा.