भुसावळात पाहिलेला मुलगा

स्टेशनाबाहेरचा तो न्हावी आठवला की आजही माझा हात आपोआप गालावर जातो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि मी नांदुऱ्याच्या ठाण्यावर फौजदार होतो.

बीबी गावचे एक म्हातारे मुसलमान बांगडीवाले माल घ्यायला आले होते. सारे त्यांना चाचा म्हणत. भरदुपारी ते धर्मशाळेच्या ओट्यावर बेशुद्ध सापडले. पेढ्यातून धोतरा दिलेला, कमरेची रक्कम गायब. शुद्धीवर आले तर रकमेचं नावही काढीनात.

"काय नशीब पाहा, साहेब! पेढा खाऊ घातला तो माणूस बांगडीवालाच निघाला. माह्या बहिणीच्या गावचा निघाला. अन् माह्या पळून गेलेल्या पोराले त्यानं भुसावळात पाह्यलं! भुवईवरची खूणही बरोबर सांगितली."

एका फेरीत इतके गोड योगायोग? मी स्टेशनाबाहेर चौकशी सुरू केली.

पानवाल्याने खबर दिली. परगावचं गिऱ्हाईक त्या न्हाव्याकडून दाढी करून उठलं की थोड्याच वेळात त्याला कोणी 'गाववाला' भेटतो.

मग काय! फेटा बांधून मी सरकीचा व्यापारी झालो आणि न्हाव्यापुढे बसून, तोंडाला साबण असतानाच हिवऱ्याच्या एका मेहुण्यासाठी टिपं गाळली. हा मेहुणा कधी जन्मालाच आला नव्हता! चहाचा पेला संपतो न संपतो तोच एक जण गळ्यात पडला.

"तुमचे मेहुणे हिवऱ्याचे ना? अहो, आम्ही एका ताटात जेवलो!"

"हाव? मंग चाल, त्याच्याच घरी नेतो तुले," म्हणत मी त्याचं मनगट धरलं.

चौकशीत न्हावी आधी फुटला. "बहीण, पोरगा, खूण, सारं चाचानंच मले सांगितलं. मी याले सांगितलं. भुसावळ यानं मनानंच घातलं, साहेब."

पण पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, आणि रक्कम सापडली नव्हती. सगळी भिस्त ओळखपरेडीवर. चाचांना मी सारा डाव समजावला.

तहसीलदारांसमोर माणसांची रांग उभी केली. चाचा एकेक चेहरा पाहत गेले आणि त्या ठगापाशी थांबले. त्याने मान खाली घातली.

"नाही साहेब. याच्यात तो नाही."

बाहेर येताच मी भडकलो. "चाचा, खोटं काऊन बोलले?"

"तो ठग ठरला, तर माह्या पोराले पाह्यलं कोणी?"

ठगाला सोडावं लागलं. फाटकाशी चाचा त्याचीच वाट पाहत उभे होते.

"बेटा, भुसावळात कुठी दिसला होता?"

बोलण्यात कधी न अडलेला तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी कमरेचा पट्टा सारखा करत राहिलो.

"पुलाजवळ, चाचा."

"बरा होता?"

"बरा होता."

संध्याकाळच्या गाडीने चाचा भुसावळला गेले.

साक्षीदार पैशाने फुटतात, धाकानेही फुटतात. त्यावर आमच्याकडे इलाज असतो. आशेने फुटलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारावा, हे मला निवृत्तीपर्यंत सुचलं नाही.