अपेंडिक्स काढल्यानंतरचं दुखणं

आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरूरला पोस्टमन होते. एका थंडीत त्यांचं पोट उजवीकडं दुखायला लागलं. आईनं विचारलं, "काय खाल्लंत?" आप्पांनी काहीच खाल्लं नव्हतं, निदान आईला सांगण्यासारखं.

गल्लीतल्या एका आजींनी बेंबी सरकली म्हणून ती जागेवर बसवली. पंधरा दिवस ती जागेवर राहिली. मग आमच्या डॉक्टरांनी आव ठरवली, इंजेक्शनं दिली आणि ताकभात सांगितला. आप्पांनी महिनाभर ताकभात खाल्ला. दुखणं येतच राहिलं. शेवटी ताप भरला, उजवा पाय पोटाशी घेतल्याशिवाय पडता येईना. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स आहे. आता थांबू नका."

मामा दौंडला रेल्वेत होता, म्हणून तिथल्या एका सर्जनांकडं ऑपरेशन झालं. त्यांनी काढलेलं अपेंडिक्स बाटलीत घालून दाखवलं. आप्पा बघत राहिले. "एवढंसंच हाय व्हय?" त्यांची निराशा झाली होती.

दोन महिन्यांत ते कामावर गेले. खाकी पँट ढिली झाली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवायचे. शाळेतून येताना शेजारच्या टेलरचाचांकडून ती आत घेऊन आणली. महिन्याभरात परत न्यावी लागली. चाचांनी टेप खाली ठेवला.

"ताई, अपेंडिक्स केवढं असतं?"

मी करंगळी दाखवली.

"मग चार इंच कंबर कुठं गेली?"

चाचा दुकान बंद करून घरी आले, म्हणाले, "आप्पा, दौंडला चला. मी येतो संगं."

सर्जनांनी आप्पांची पापणी ओढून पाहिली. "चालताना दम लागतो?"

"पोस्टमनला लागनारच की."

मग त्यांनी पोट दाबलं. बराच वेळ दाबत राहिले, आणि पुण्याला चिठ्ठी दिली.

पुण्यात आतड्याचा हातभर तुकडा काढला. तिथल्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं, की मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ होती. तिनंच अपेंडिक्सचं तोंड बुजवलं, म्हणून ते सुजलं. सगळ्यांनी सुजलेलं बघितलं, गाठ मागं राहून गेली. मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "वडिलांना सांगू नका." मी आईला सांगितलं, गाठ होती. आईनं आप्पांना सांगितलं, सूज होती.

आप्पा पुन्हा कामावर गेले. काही आठवड्यांनी आमच्या डॉक्टरांच्या नावानं पुण्याच्या दवाखान्याचं पाकीट आलं. वाटपाला आप्पाच होते. त्यांनी ते न फोडता दिलं आणि तिथंच उभे राहिले.

"काय लिहिलंय?"

"सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

"ठीक असलं की लोक कार्ड टाकत्यात डॉक्टर. पाकीट चिकटवत न्हाईत."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खरं सांगितलं. आप्पांनी उरलेलं टपाल वाटलं, घरी आले, जेवले. मग आईला म्हणाले, "सूज न्हवती ती."

आई म्हणाली, "मला ठावं हाय." आणि भाकरी वाढली. त्या दिवशी ती स्वतः जेवली नाही.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी रोग यकृतात उतरला आणि तीन आठवड्यांत ते गेले. पण त्या सहा वर्षांत वाटपाच्या रस्त्यावर कुणी पोट धरलेलं दिसलं, की ते सायकलवरून उतरून त्याला दौंडला जायला लावायचे. पाचसहा जण गेले. एकाही माणसाला काही निघालं नाही. त्यातले दोघं पुढं कित्येक महिने आप्पांशी बोलत नव्हते.