उत्तमरावांच्या बागेकडे निघालेलं पाणी

वरूडच्या वाटेवर बेबीताईची संत्र्याची बाग आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच सांभाळते. महिन्यातून एका रविवारी ती एसटीने अमरावतीला आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला येते, पुढच्या बाकावर बसते, आणि शत्रूवर प्रेम करण्याचा विषय निघाला की खिडकीबाहेर पाहते. शत्रू तिला एकच आहे, बांधापलीकडचे उत्तमराव.

संत्र्याला बहार यावा म्हणून थंडीत झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होईपर्यंत बाग तहानेली ठेवायची, मग पाणी द्यायचं. याला ताण देणं म्हणतात. मध्येच पाणी लागलं तर नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. बेबीताईने बांधालगतचा तुकडा उत्तमरावांना विकायला नकार दिला त्या हिवाळ्यात तिची बाग ताणावर होती. उत्तमरावांनी पाइप लावून त्या बागेत पाणी सोडलं. चुकून गेलं म्हणाले, आणि हसले. त्या वर्षी व्यापारी हिरव्यागार बागेत शिरला आणि रिकाम्या फांद्या पाहून परत गेला.

पाळकांनी क्षमा करायला सांगितलं. ते तिला जमलं नाही. देव त्या माणसाला सोडून तर देणार नाही ना, एवढंच तिने विचारलं. पाळक म्हणाले, न्याय त्याच्या हाती आहे, आपण हात लावायचा नाही. तिला तेवढं पुरलं. दर हिवाळ्यात ती बांधावर उभी राहून उत्तमरावांच्या सुकलेल्या झाडांकडे बघायची, देवाला आठवण करून द्यायची आणि फावडं खांद्यावर टाकून घरी यायची.

यंदा जानेवारीत भर दुपारी ती बांधालगतच्या तुकड्यात गव्हाला पाणी देत होती. बांधाशी तिचाच जुना पाइप फुटला. उतार उत्तमरावांकडे होता. पाणी त्यांच्या ताणावरच्या झाडांच्या पहिल्या ओळीकडे निघालं. तिने काहीच केलं नव्हतं. देवाचं उत्तर आलं असं तिला वाटलं, आणि ती सुखाने बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की पाणी तिच्या विहिरीचं आहे, आणि नुसतं बघत राहणं हाही हात लावणंच आहे. विहिरीवरची मोटार लांब होती. ती चिखलात बसली, फावड्याने माती ओढली, फुटक्या पाइपवर पदर दाबून धरला आणि उत्तमरावांना शिव्या देत राहिली.

तेवढ्यात तेच धावत आले. त्यांनी विहिरीवर जाऊन तिची मोटार बंद केली आणि परत येऊन विचारलं, "काहून अडवलं, बाई?"

"तुमच्यासाठी नाई अडवलं. देव तुमच्याकडे येऊनच राहिला हाय. मी मधात हात घातला तं तो पह्यले माह्याकडे वळन. तवरोक खा संत्री."

उत्तमराव हसले नाहीत.

फेब्रुवारीत त्यांची बाग फुलली. वास बेबीताईच्या ओसरीपर्यंत येतो, आणि तिला तो सोसत नाही. तरी संध्याकाळी ती खुर्ची त्याच दिशेला तोंड करून मांडते. प्रभू तिकडे येईल तेव्हा आपण जागेवर असलं पाहिजे, म्हणते.