लूमवाल्याचा आवाज

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. टेमघरला घराला लागूनच आमचे लूम, कापड विणायचे यंत्रमाग, दिवसभर धडधडत असतात, त्यामुळे मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. लग्न झाल्या झाल्या बायको एकदा रडली होती. तिला वाटलं, मी तिच्यावर चिडलोय. मी फक्त "चहा छान झालाय" म्हणालो होतो.

अशा माणसाची मुलगी दोन महिने आधी जन्माला आली आणि तिला ठेवलं कुठे, तर जिथे चपलेचा आवाजही चालत नाही अशा खोलीत. काचेच्या पेटीत, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, "अपुऱ्या दिवसांची बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. ते जास्त वेळ चाललं तर धोका असतो."

"विसरतात म्हणजे?" मी विचारलं. माझ्या नेहमीच्याच आवाजात. शेजारच्या पेट्यांतली बाळंसुद्धा दचकली. सिस्टरनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

माझी आई दिघाशीहून आली होती. ती म्हणाली, "तू फकस्त तोंड बंद ठेव. पोर बरी व्हईल. तुजाच भरोसा न्हाय."

मग बायकोला ताप आला आणि बाळाला छातीशी धरायचं काम माझ्यावर आलं. कांगारूसारखं, कातडीला कातडी लावून. मी आंघोळ करून, शर्टाची बटणं सोडून बसलो. माझ्या पोटाच्या उतारावरून पोर घसरेल अशी मला भीती. सिस्टरनी तिला माझ्या छातीवर ठेवून कापडाने बांधलं. मी सवयीने ते कापड दोन बोटांत धरून चाचपलं आणि भाव विचारणार होतो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी श्वास घ्या. इथे तुम्हीच विसरलाय."

लूमवाल्याला एक खोड असते. सगळे लूम धडधडत असताना एक जरी थांबला, तरी जेवणाच्या ताटावर बसून कळतं. तशीच एका दुपारी माझ्या छातीवरची ती बारीक हालचाल थांबली. तिच्या श्वासावर लक्ष ठेवणारं मशीन अजून गप्पच होतं. मी घाबरलो आणि आयुष्यभर जे ओरडत आलो तेच तोंडातून निघालं, "बंद पडला!"

सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी बाळाचे तळपाय जोरात चोळले. मशीन वाजायला लागलं आणि पोर मांजरीच्या पिल्लासारखी कुरकुरली. माझ्या आवाजाने की त्यांच्या हाताने, देव जाणे. माझ्याच आवाजाने, असं मी समजतो, पण ते कोणी मान्य करत नाही.

"लक्ष असंच ठेवा," त्या म्हणाल्या. "आवाज तेवढा कारखान्यात ठेवून या."

मी मान हलवली आणि रडलो. तेही म्हणे वॉर्डात झोपलेल्या बायकोला ऐकू गेलं.

आता पोर बालवाडीत जाते आणि घरात सगळ्यात मोठा आवाज तिचा आहे. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, काळजीचं काही नाही. आजीने तिला ही सगळी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आहे. तरी ती दुपारी झोपली की मी जेवता जेवता उठून जातो आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो.

परवा तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसती ओरडली, "बाबा, मी चालू हाय!"