चाड्यावरची झडप

दसऱ्याला तेल लावलेल्या लाकडाचा वास आला की मला ब्राह्मणपुरीचं आमचं अंगण दिसतं. मुंबईत एका पेटंट एजंटाकडे मी उमेदवारी करत होतो. पेटंट एजंटाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून पुस्तकं घेऊनच सुटीला आलो होतो. बी सारखं पडावं म्हणून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, पेरणीच्या पाभरीच्या चाड्याला, म्हणजे बी सोडायच्या वाडग्याला, लाकडी झडप बसवली होती. तिच्या पेटंटचा अर्ज मी करणार होतो.

दसऱ्याच्या सकाळी त्याने पाभर पूजेला मांडली. शेजारी झडप उघडून पाहत होते, सुतार बोटांनी माप घेत होता. अर्जाआधी वस्तू चारचौघांना दाखवली की ती नवी धरत नाहीत आणि हक्क जातो, हे मी दादाला सांगितलंच नव्हतं.

“दादा, झाकी ठेव ते! कोणले दखाडू नको.”

“अरे वकीलसाहेब, दसराले अवजार कोणी झाकस का? पाहू दे सगळासले.”

सगळे हसले. मला तो भोळा वाटला.

परीक्षेत नेमकं तेच विचारलं: शोधाचा नवेपणा कशाने जातो? मी ते अंगण आठवून उत्तर लिहिलं आणि पहिला आलो. दादाने गावभर पेढे वाटले. अर्जाचं काय झालं हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.